स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा आणि संस्कारांचा दावा

स्मरण, भाषा, दिशेचे भान, निर्णयशक्ती आणि शेवटी चालणे, गिळणे यांसारख्या मूलभूत क्रियाही क्रमाक्रमाने हिरावून घेणाऱ्या मेंदूच्या विकारांच्या समूहाला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हा त्यातला सर्वाधिक आढळणारा विकार. भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या अवस्थेत आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. यांतल्या बहुतेकांची देखभाल घरीच होते. या देखभालीबद्दल महाराष्ट्रात एक समज इतका रुळला आहे की, तो कोणी सिद्ध करायच्या भानगडीत पडत नाही. म्हाताऱ्यांचे हाल होतात, कारण एकत्र कुटुंब मोडले आणि मुलांवरचे संस्कार सुटले. संस्कार परत आले की प्रश्न मिटेल, असा तो समज. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाची भाषणे याच सुरात होतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा केंद्रीय कायदा ज्या निवेदनासह संसदेत आला, त्यातही एकत्र कुटुंबपद्धती क्षीण झाल्याने वृद्धांची आबाळ होते, हेच कारण दिले होते.

आई-वडिलांना टाकणारी मुले असतात, घर नावावर करून घेऊन त्यांना बाहेर काढणारीही असतात. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अशी प्रकरणे येतात आणि तिथे कायदा हवाच. परंतु या अपवादावरून नियम बांधला गेला आहे. ज्या घरात मुलगा, सून, मुलगी किंवा सत्तरी ओलांडलेली पत्नी रात्रंदिवस खपते आहे, त्या घराला हा नियम काहीही देत नाही. उलट तिथे काही कमी पडले तर दोष त्याच माणसांच्या मनोवृत्तीवर ढकलतो. म्हणून हा समज नुसता अपुरा म्हणून सोडून देता येत नाही. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत शुश्रूषा करणारी माणसे आपल्या तब्येतीने मोजत आहेत.

पहिली चूक वस्तुस्थितीची. कुटुंबांनी वृद्धांना सोडून दिले आहे, असे आकडे सांगत नाहीत. २०१७-१८ मध्ये झालेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत एकटे राहणारे ज्येष्ठ सुमारे ६ टक्के निघाले. दोन-तृतीयांशांहून अधिक ज्येष्ठ मुलांसोबत राहत होते. स्मृतिभ्रंश हा विभक्त कुटुंबांचा, शहरी राहणीचा रोग आहे, ही समजूतही टिकत नाही. वर उल्लेखलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातले प्रमाण ८.४ टक्के आणि शहरी भागातले ५.३ टक्के आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक आहे. जिथे एकत्र कुटुंब अजून टिकून आहे असे मानले जाते, तिथेच रुग्ण जास्त आणि मेंदुविकारतज्ज्ञ सर्वांत लांब आहेत. उदाहरणार्थ, नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेत खासगी दवाखान्यांची दाटी आहे, शिवाय मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स आहे. गडचिरोलीच्या माणसाला मात्र त्यासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडावे लागते, तेही अनोळखी जागेत बावरणाऱ्या, एसटीत मध्येच उठून उभ्या राहणाऱ्या वडिलांना सोबत घेऊन.

दुसरी चूक भूतकाळाची. पूर्वी हे सगळे घरातच निभावत होते, असे म्हटले जाते. पूर्वी ते फार थोड्या घरांना निभवावे लागत होते, हे त्याचे उत्तर. १९५१ मध्ये देशात ६० वर्षांवरील माणसे दोन कोटींच्या आसपास होती; २०११ च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली. पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी स्मृतिभ्रंशाचे प्रमाण साधारण दुप्पट होत जाते. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगणाऱ्यांची संख्या वाढली की हा रोग वाढतो. त्यात कोणाच्या संस्कारांचा संबंध नाही. न्यूमोनियाने किंवा खुब्याचे हाड मोडून जो रुग्ण पूर्वी काही महिन्यांत जाई, तो आज उपचारांमुळे वर्षानुवर्षे जगतो. ही वैद्यकाची कमाई आहे, आणि तिच्यासोबत शुश्रूषेचा काळही लांबला आहे.

जुन्या वाड्यांत ही सेवा प्रत्यक्ष कोण करत होते, हेही विसरले जाते. धाकटी सून, माहेरी परत आलेली बहीण, आणि ज्या जातींत विधवेला पुनर्विवाह नव्हता तिथे विधवा काकू किंवा आत्या. त्यांना दुसरे काम, दुसरे घर, दुसरे आयुष्य मिळण्याची सोय नव्हती म्हणून त्यांचे हात सदैव मोकळे होते. त्या व्यवस्थेला सेवाभाव म्हणणे म्हणजे त्या बायकांच्या सक्तीला सद्गुणाचे नाव देणे आहे. आज त्या सुना आणि मुली शाळेत शिकवतात, बँकेत काम करतात, दुकान चालवतात. ती व्यवस्था मोडली असेल तर मोडली तेच बरे झाले. त्यांची जागा कोण भरणार याचा विचार मात्र कोणी केला नाही.

तिसरी चूक सर्वांत खोल आहे, कारण ती कामाचे स्वरूपच ओळखत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरोघर जिची बोळवण होते, त्या अवस्थेची सुरुवात अनेकदा हिशेब चुकण्याने, गॅस चालू राहण्याने, नेहमीच्या रस्त्यावर वाट हरवण्याने होते. काही रुग्णांत यामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा दोष, नैराश्य किंवा पडल्यावर कवटीच्या आत साचलेले रक्त अशी उपचारांनी सुधारू शकणारी कारणे असतात. वय झाले म्हणून सोडून दिले की ती संधी जाते. मग संशय येतो. पैसे, दागिने, चष्मा कोणीतरी चोरला असे रुग्णाला ठामपणे वाटू लागते, आणि हा आळ बहुतेक वेळा दिवसभर समोर असणाऱ्या व्यक्तीवरच, म्हणजे सुनेवर किंवा कामवाल्या मावशीवर येतो. संध्याकाळ झाली की बेचैनी वाढते. आपल्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ असा हट्ट सुरू होतो. आंघोळीला नकार मिळतो, कारण कपडे उतरवणारा हात आणि डोक्यावर पडणारे पाणी हे रुग्णाला हल्ल्यासारखे भासतात. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. पुढच्या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो. मग दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, घाईने घास भरवला तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, लघवीचा साधा संसर्गही एका रात्रीत भ्रम वाढवतो. हे सारे चार, आठ, कधी त्याहून अधिक वर्षे चालते.

यातली एकही गोष्ट केवळ प्रेमाने येत नाही. पतीच्या मृत्यूचा विसर पडलेली आई ‘ते अजून कसे आले नाहीत’ असे रोज विचारते, तेव्हा सत्यवचनी मुलगा तिला रोज खरे सांगतो आणि ती ते प्रत्येक वेळी प्रथमच ऐकून रडते. त्या मुलात संस्कारांची कमतरता नाही. वाद घालू नये, विषय वळवावा, त्यांच्या आठवणी बोलत्या कराव्यात, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. रुग्णाला एका वेळी एकच सूचना द्यावी, दिनक्रम बदलू नये, संध्याकाळी खोलीत भरपूर उजेड ठेवावा, दाराची कडी नजरेआड लावावी, पातळ पदार्थ घट्ट करून पाजावेत, ही सारी कौशल्ये आहेत. ती शिकवता येतात. पण औषधांची चिठ्ठी हातात देऊन नातेवाइकांना वाटेला लावले जाते आणि मग त्यांच्याकडून तपस्येची अपेक्षा केली जाते.

नागपूरसारख्या शहरात या कामाला हवामानाची जोड मिळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे इथे नवे नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. महापालिकेने उष्माघात टाळण्यासाठी कृती आराखडा आखला आहे, तो चांगलाच आहे. दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला वाचू शकणाऱ्या, लक्षात ठेवू शकणाऱ्या आणि स्वतःच्या शरीराचे संकेत ओळखणाऱ्या माणसासाठी आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तहान कळत नाही, कळली तरी सांगता येत नाही. तो भर उन्हाळ्यात स्वेटर चढवतो, कूलर बंद करतो, आणि रस्ते ओस पडलेल्या दुपारी फाटक उघडून निघून जातो. लघवीच्या त्रासासाठी दिली जाणारी काही औषधे घाम कमी करून धोका आणखी वाढवतात. अशा घरात एप्रिल ते जून कोणाला तरी तासातासाला पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो आणि दुपारी डुलकीही घेता येत नाही. मानेवाडा किंवा त्रिमूर्तीनगरच्या लेआउटमधल्या घरात हे काम अनेकदा स्वतः गुडघेदुखीने बेजार असलेली पत्नी करते. मुले पुणे, हैदराबाद किंवा त्याहून दूर असतात. नोकरी नागपुरात मिळाली नाही म्हणून ती गेली. त्यांना परत आणण्यासाठी इथे पूजनीय उदाहरणे सांगून उपयोग नाही.

‘कुटुंब’ सांभाळते असे म्हटले की सांभाळणारी व्यक्ती झाकली जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया २७.६ टक्के तर पुरुष १४ टक्के होते. देखभाल करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटे जात, पुरुषाची ७६. यात मुलांची देखभालही आली. स्मृतिभ्रंशापुरते पाहिले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शुश्रूषेचे ७० टक्के तास स्त्रियाच देतात. बोलणारे व्यासपीठावर बहुधा पुरुष असतात आणि ज्यांना सेवाभाव बाळगायला सांगितले जाते त्या त्यांच्या घरातल्या बायका असतात, ही विसंगती उघड बोलली गेली पाहिजे. ब्रिटनने १९७६ मध्ये आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना वगळले. घरी राहून सेवा करणे हे त्यांचे नेहमीचेच काम, असा तर्क होता. तो अन्याय दूर व्हायला १९८६ साल उजाडले आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत न्यावे लागले. आपल्याकडे तो तर्क कोणी मांडतही नाही, कारण वगळण्यासाठी मुळात देशभर लागू असा भत्ताच नाही.

चुकीच्या निदानातून उपायही तसेच आले. २००७ च्या कायद्यात दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकाने शिक्षा वाढवून सून आणि जावई यांनाही जबाबदार धरण्याचे ठरवले होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. सुनेला कायद्यात प्रथमच जागा मिळणार होती, ती कर्तव्यात चुकणारी म्हणून. वर्षानुवर्षे उसंत न मिळालेली शुश्रूषक म्हणून नव्हे. आसामने पालकांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून कपातीचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस अशा कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून आई-वडिलांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्या आई-वडिलांची खरोखर उपासमार होते त्यांच्यासाठी हा निर्णय योग्यच आहे. पण पैसे खात्यात आले म्हणून रात्री तीन वाजता बिछाना बदलायला कोणी येत नाही. मुलांना कपातीची भीती आहे, सुटीचा हक्क नाही: केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते, आई-वडिलांच्या दीर्घ आजारासाठी तशी वेगळी रजा नाही, साठवलेली अर्जित रजाच मोडावी लागते.

कायद्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे रुग्णाच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकाराबाबत, तर पोकळीच आहे. नागपूर मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, आयुधनिर्माणी यांतून निवृत्त झालेल्यांचे हे शहर आहे. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी या घरांची धावपळ सुरू होते, बोटांचे ठसे उमटत नाहीत, सही जुळत नाही. मुखत्यारपत्र करून ठेवले तरी ते कामी येत नाही, कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची मनःशक्ती गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो; नेमके जेव्हा त्याची गरज पडते तेव्हा. राष्ट्रीय न्यास कायद्यातून पालक नेमण्याची सोपी सोय आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयामार्फत मालमत्तेची व्यवस्था लावण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. परिणामी वडिलांच्याच खात्यातून वडिलांच्याच औषधांसाठी पैसे काढायला उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याची पाळी कुटुंबांवर येते. जो मुलगा आई-वडिलांना लुबाडतो त्याला हा अडथळा फारसा नडत नाही, तो आधीच सह्या घेऊन मोकळा झालेला असतो. अडतो तो नियमाने वागणारा.

योजना नाहीत असे नाही. ७० वर्षांवरील सर्वांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी आयुष्मान भारतची विस्तारित योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण ती रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा खर्च घरात, रोजच्या डायपरमध्ये आणि मदतनिसाच्या पगारात होतो. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये देते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत दरमहा १,५०० रुपये ठरले आहेत, तेही २१,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील वृद्धांना. श्रावणाचे नाव लावलेल्या योजनेत श्रावणासाठी, म्हणजे कावड वाहणाऱ्यासाठी, काही नाही.

उरतात वृद्धाश्रम आणि घरी मदतनीस पुरवणारे ब्युरो. वृद्धाश्रमात ठेवणे म्हणजे टाकून देणे, असे म्हणणाऱ्यांनी प्रवेशाचे नियम वाचावेत: बहुतेक आश्रमांना स्वतःचे स्वतः करू शकणारा माणूस हवा असतो, भटकणारा, अंथरुणाला खिळलेला किंवा रात्री ओरडणारा रुग्ण ते घेत नाहीत. म्हणजे ज्या निर्णयाबद्दल मुलांना अपराधी ठरवले जाते, तो निर्णय घेण्याची सोयच बहुतेकांना नाही. ब्युरोकडून मिळणाऱ्या मावशी बारा-बारा तासांच्या पाळीवर येतात. त्यांच्या पाळीचा महिन्याचा खर्च श्रावणबाळच्या रकमेच्या कितीतरी पट असतो. त्यांतल्या बहुतेकींना कसलेही प्रशिक्षण नसते, नोंदणी नसते, आजारी पडल्यावर पगार नसतो, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी म्हातारी सासू शेजारणीच्या भरवशावर असते. २०१९ च्या त्याच दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. ती चांगली होती, आणि विधेयकासोबत तीही बारगळली.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो की, सरकारने मदत सुरू केली की कुटुंबे जबाबदारी झटकतील. अनुभव याच्या उलट आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला; जर्मनीत घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी रोख रक्कम, त्यांच्या निवृत्तिवेतनात भर आणि सुटीच्या काळात बदली माणूस यांची सोय आहे, आणि तिथे शुश्रूषेची गरज असलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे आजही घरीच आहेत. श्रीमंत देशांचे उदाहरण नको असेल तर शेजारचा गोवा आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला. २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्थानिक, फार शिकलेल्या नव्हेत अशा व्यक्तींना थोडे प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार म्हणून घरोघर पाठवले गेले. त्यांनी आजार समजावून सांगितला, विचित्र वागणे कसे हाताळावे हे दाखवले, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत केली, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेतले. मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार होता. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय घटला. या मदतीमुळे त्यांनी रुग्णाला सोडले नाही, त्यांना सांभाळणे झेपू लागले.

हे नागपुरात करायला नवी इमारत लागत नाही. महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आहेत, आशा कार्यकर्त्या घरोघर जातातच, मेडिकल आणि एम्समध्ये मानसोपचार व मेंदुविकाराचे अध्यापन चालते. आशांना या कामाचा वेगळा, पुरेसा मोबदला द्यावा लागेल. त्यांच्याही सेवाभावावर ते टाकता येणार नाही. प्रत्येक झोनमध्ये एखाद्या वापरात नसलेल्या शाळेच्या खोल्यांत दिवसभराचे केंद्र उघडले, तर सांभाळणाऱ्याला आठवड्यातून दोन दिवस झोपता येईल, स्वतःचा रक्तदाब तपासून घेता येईल. उन्हाळ्याच्या कृती आराखड्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरे नोंदवून दुपारी फोन किंवा फेरी ठेवता येईल. यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन भेटणे आणि त्यांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांना प्रशिक्षण देणे, हे उपकेंद्राच्या कामांत लिहिलेले आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राने आणि शहरातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राने अशा किती घरांना भेट दिली, किती जणांना शिकवले, हे दरवर्षी जाहीर व्हावे, ही मागणी ज्येष्ठ नागरिक दिनाच्या व्यासपीठावरून व्हायला हवी.